समाज : एक चिकित्सक अभ्यास

निसर्गशास्त्रांचा अभ्यास करणाऱ्या मंडळींचे एक मोठे भाग्य असे की, त्यांच्या अभ्यासविषयाला बोलता येत नाही. खडकाला अग्निजन्य म्हटले तर तो आपण मूळचे रूपांतरित खडकांपैकी असल्याचा दावा लावीत नाही. विच्छेदनाच्या पाटावर उताणा पडलेला बेडूक आपल्या यकृताविषयी प्राध्यापकांहून वेगळे मत बाळगीत असल्याची नोंद कोणत्याही महाविद्यालयाच्या दप्तरात नाही. आणि शनीभोवतीच्या कड्यांनी, आमच्याविषयी लिहिण्याचा तुम्हांला अधिकार काय, अशी हरकत अद्याप घेतलेली नाही. सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला हे सुख येत नाही. तो ज्याचा अभ्यास करू पाहतो तो समाज बोलतो, हरकत घेतो, हसतो, उलट प्रश्न करतो, आणि या विषयातले सर्व काही आपल्याला आधीच ठाऊक आहे अशी त्याची पक्की खात्री असते. पदार्थविज्ञानाच्या पदवीधरासमोर पुंजवादाविषयी तोंड उघडण्यास बिचकणारा गृहस्थ समाजशास्त्राच्या पदवीधराला, एकत्र कुटुंबपद्धती का मोडली याचे कारण, चहाचा दुसरा घोट घेण्याच्या आत सांगून मोकळा होतो, आणि वर 'हे तुमच्या पुस्तकांत नसेल' असेही ऐकवतो. दुर्दैव असे की, पुस्तकांत ते बहुधा असते. पण तिथे ते चाळीस पानांवर पसरलेले असून शेवटी 'याबाबत अधिक संशोधनाची आवश्यकता आहे' अशी पुस्ती जोडलेली असते.

या शास्त्राची आपल्याकडील वंशावळ मोठी मनोरंजक आहे. मुंबई विद्यापीठाने १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग उघडला तेव्हा त्याच्या प्रमुखपदी आलेले पॅट्रिक गेडीस हे स्कॉटलंडातील डंडी येथे वनस्पतिशास्त्र शिकवलेले आणि नगररचनेच्या ध्यासाने हिंदुस्थानातली शहरे पाहत हिंडलेले गृहस्थ होते. १९२४ मध्ये त्या विभागाची सूत्रे ज्यांच्या हाती आली आणि पुढे तीन तपांच्या आसपास राहिली ते मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये हे मूळचे संस्कृतचे पंडित. आणि केंब्रिजला ज्यांच्या हाताखाली त्यांनी संशोधनास आरंभ केला ते रिव्हर्स शिक्षणाने वैद्य, व्यासंगाने मानसशास्त्रज्ञ, आणि निलगिरीच्या तोडा लोकांवर ग्रंथ लिहून मानववंशशास्त्रज्ञांत जमा झालेले. वनस्पतिशास्त्र, नगररचना, संस्कृत आणि वैद्यक अशा परस्परांशी कसलेही सोयरसुतक नसलेल्या कुळांच्या संकरातून जन्मास आलेल्या या शास्त्राने पुढे वर्षानुवर्षे साधार आणि सप्रमाण सिद्ध काय केले, तर हिंदुस्थानातला माणूस जातीबाहेर सोयरीक करीत नाही!

अर्थात हा औदार्याचा काळ केव्हाच मागे पडला. आज विद्यापीठातले विभाग आपापल्या कुलाचाराला घट्ट धरून आहेत. अर्थशास्त्राची पदवी घेऊन समाजशास्त्राच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या उमेदवाराला छाननी समितीच्या उंबरठ्यावरच गोत्र विचारले जाते, आणि राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाने इतिहासाचा एखादा तास घेतला तर दोन्ही घराण्यांत कुजबुज सुरू होते. एका इमारतीत, एकाच व्हरांड्यावर दारे असलेल्या या विभागांत रोटीव्यवहार चर्चासत्राच्या भोजनापुरता चालतो. बेटीव्यवहाराचे नाव नको.

या विषयांकडे येणारे विद्यार्थी तीन वाटांनी येतात. पहिला वर्ग समाज बदलण्याच्या इराद्याने दाखल झालेला असतो. तो पहिल्या सत्रात सर्वांत मोठ्याने बोलतो, आणि समाज बदलण्यापूर्वी संशोधनपद्धती व संख्याशास्त्र यांचा पेपर सोडवावा लागतो हे कळल्यावर दुसऱ्या सत्रात अंतर्मुख होतो. दुसरा, आणि संख्येने सर्वांत भरघोस, वर्ग लोकसेवा आयोगाच्या परीक्षार्थींचा. यांना एम. ए. नको असते, वसतिगृहातली कॉट, ग्रंथालयातली पंख्याखालची खुर्ची आणि सवलतीचा पास मिळवून देणारे ओळखपत्र हवे असते, आणि ही तिन्ही देण्यास विद्यापीठाची काहीच ना नसल्यामुळे त्या बदल्यात पंचाहत्तर टक्के हजेरीचा जाच ते सोसतात. वर्गात मॅक्स वेबरची नोकरशाहीची मीमांसा चालू असते तेव्हा यांचे लक्ष नसते असे मात्र समजू नये. नोकरशाही म्हणताच ते एकदम सावध होतात, आणि ती मीमांसा असून जाहिरात नाही हे लक्षात येताच पुन्हा चालू घडामोडींकडे वळतात. तिसरा वर्ग 'निदान एम. ए. तरी होऊ दे' या घरच्यांच्या हुकुमाने आलेला. मुलीच्या बाबतीत या 'निदान'ची मुदत स्थळ येईपर्यंत असते, मुलाच्या बाबतीत जागा निघेपर्यंत. हे तिन्ही वर्ग एकाच बाकावर बसलेले असतात, आणि त्यांना सामाजिक स्तरीकरण समजावून देण्यासाठी प्राध्यापक महाशय अमेरिकेतील उदाहरणे फळ्यावर लिहीत असतात.

वर ज्या भोजनाचा उल्लेख आला ते ज्या सोहळ्यात घडते त्याचे पूर्ण नाव आंतरविद्याशाखीय राष्ट्रीय चर्चासत्र असे असून विषय बहुधा ज्वलंत असतो. समजा, तो कांद्याच्या भावांचा आहे. लासलगावच्या बाजारात कांदा कोसळला म्हणजे अर्थशास्त्रज्ञ आवक आणि मागणी यांच्या रेषा जिथे छेदतात त्या बिंदूकडे बोट दाखवतो. राज्यशास्त्रज्ञ निर्यातबंदीच्या हुकुमाची तारीख आणि निवडणुकीची तारीख शेजारीशेजारी मांडून सूचक मौन पाळतो. समाजशास्त्रज्ञ कांदा लावणारे कोण, खुरपणारे कोण, आडत्या कोण, आणि या तिघांची आडनावे काय, अशी पृच्छा करून सभेत अस्वस्थता पसरवतो. आणि इतिहासाचा अभ्यासक १९९८ च्या दिल्लीतील निवडणुकीत महागलेल्या कांद्याने सत्ताधाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणल्याचे स्मरण देऊन, 'असे पूर्वीही घडले आहे' या आपल्या शास्त्राच्या अंतिम सिद्धान्तावर खाली बसतो. चौघांचेही म्हणणे खरे असते, आणि चौघांचे म्हणणे एकत्र ठेवून कोणी ऐकले तर कांद्याविषयी खरोखरच काही कळेल अशीही शक्यता असते.

पण तशी वेळ येत नाही, कारण निबंधवाचनापूर्वी उद्घाटन व्हावे लागते. समईची वात पेटावी म्हणून पंखे बंद करावेत की पाहुण्यांना घाम येऊ नये म्हणून वात विझू द्यावी, हा पहिला पेच सुटतो न सुटतो तोच स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाराचा परिचय, शाल-श्रीफळ, स्मरणिकेचे प्रकाशन, बीजभाषण आणि 'वेळेअभावी मी फार बोलणार नाही' या वाक्याने सुरू होणारे अध्यक्षीय भाषण, या क्रमाने दीड वाजतो. भोजनोत्तर सत्रात प्रत्येक निबंधवाचकाला पाच मिनिटे मिळतात, त्यांतली तीन तो व्यासपीठावरील मान्यवरांची नावे घेण्यात घालवतो, आणि श्रोत्यांचे लक्ष दाराजवळच्या टेबलाकडे असते, कारण प्रमाणपत्रे तिथे वाटली जाणार असतात व पदोन्नतीचे गुण निबंधाला असतात तसे प्रमाणपत्रालाही असतात. अशा एका चर्चासत्रात 'प्रत्यक्ष अनुभव' या सदराखाली निफाड तालुक्यातील एका कांदा उत्पादक शेतकऱ्यांना आग्रहाने बोलावले होते. त्यांचे नाव कार्यक्रमपत्रिकेत सर्वांत शेवटी, आभारप्रदर्शनाच्या वर, होते. पाच वाजेपर्यंत त्यांनी अत्यंत शांतपणे, हातातली पिशवी मांडीवर ठेवून, अकरा निबंध ऐकले; आणि सव्वापाचची एस. टी. चुकली तर मुक्काम पडेल म्हणून, मिळालेली शाल घडी करून पिशवीत ठेवून, ते एकही शब्द न बोलता निघून गेले. अहवालात त्यांच्या मनोगताचा 'उद्बोधक' असा उल्लेख आहे.

परंतु सामाजिक शास्त्रांचे खरे नाट्य सभागृहात घडत नाही. ते क्षेत्रपाहणीत, म्हणजे विद्यार्थी प्रश्नावली घेऊन एखाद्या गावात शिरतो तेव्हा, घडते. विद्यार्थ्याच्या हातात वीस पानांची छापील प्रश्नावली असते; गावाजवळ तोंडी असते, पण ती पिढ्यान्‌पिढ्या तावून सुलाखून निघालेली असल्यामुळे कितीतरी अधिक शास्त्रशुद्ध असते. 'गाव कंचं?' 'आडनाव काय म्हनलासा?' 'म्हंजी वरच्या आळीतल्यांपैकी का खालच्या?' 'लगीन झालं का?' 'आन्‌ हे लिवायचं सरकार किती देतं?' एवढ्या पाच प्रश्नांत, पारावर बसलेल्या वडीलधाऱ्यांनी विद्यार्थ्याची जात, वर्ग, वैवाहिक दर्जा, उत्पन्न आणि उपद्रवक्षमता निश्चित केलेली असते, आणि विद्यार्थी अजून पहिल्या पानावरच्या 'उत्तरदात्याचा अनुक्रमांक' या रकान्याशी झटत असतो. पुढची सर्व उत्तरे या प्राथमिक पाहणीच्या निष्कर्षावर बेतलेली येतात. पाहुणा घरकुलाच्या यादीसाठी आलेला दिसला तर गावातली पक्की घरे एकाएकी कच्ची होतात. बँकेचा वाटला तर जमीन वाढते. वीजमंडळाचा वाटला तर पाण्याची मोटार नादुरुस्त असते. आणि अविवाहित, नोकरीच्या वाटेवरला व योग्य आडनावाचा निघाला तर उपवर मुलींची वये दोन-दोन वर्षांनी उतरून शिक्षण एकेक इयत्तेने वर चढते. याला कोणी लबाडी म्हणेल. पण माणूस कोणाशी बोलतो आहे हे आधी ठरवून मग काय बोलायचे ते ठरवतो, हा समाजशास्त्राचा एक मूलभूत सिद्धान्त असून तो गावाला विद्यापीठाआधी ठाऊक असतो, इतकेच.

आमच्या प्रश्नावलीत, बहुतेक सर्व प्रश्नावल्यांत असतो तसा, 'कुटुंबातील आर्थिक निर्णय कोण घेते' असा एक प्रश्न होता, आणि त्यापुढे 'पुरुष', 'स्त्री' व 'दोघे मिळून' अशा तीन चौकटी होत्या. पुणे जिल्ह्यातल्या एका खेड्यात ओसरीवर बाजेवर बसलेल्या आजोबांना माझ्या सहाध्यायाने हा प्रश्न अत्यंत आदराने विचारला. आजोबांनी मिशीवरून हात फिरवला, प्रश्नाचे गांभीर्य मान्य केल्याप्रमाणे थोडा वेळ अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहिले, आणि मग मान मागे वळवून आतल्या अंगाला विचारले, 'अगं, आपल्यात पैशाचं कोन ठरवतं?' आतून भांडी आदळल्याचा आवाज झाला. त्यापाठोपाठ आजींचा आवाज आला, 'तुमीच ठरवता म्हनून सांगा की!' आजोबा पुन्हा आमच्याकडे वळले आणि समाधानाने म्हणाले, 'लिव्हा, आमीच ठरवतो.' सहाध्यायाने 'पुरुष' या चौकटीत बरोबरची खूण केली. त्या पाहणीच्या अहवालात पुढे, नमुना कुटुंबांपैकी बहुसंख्य कुटुंबांत आर्थिक निर्णय पुरुषच घेतात असा निष्कर्ष आला, आणि पितृसत्ता या प्रकरणात तो एका सुबक वर्तुळचित्रासह छापला गेला.

सरकारचा अनुभवही याहून निराळा नाही. खानेसुमारीच्या रकान्यांत माणसे आपोआप जाऊन बसतील अशी ज्यांची अपेक्षा होती त्या ब्रिटिश अधिकारी रिस्ले साहेबांनी १९०१ च्या खानेसुमारीत जातींची लोकमान्य प्रतिष्ठेनुसार उतरंड लावण्याचा घाट घातला, तेव्हा देशभरच्या जातींनी तो तक्ता वाचून हताश व्हावे ते सोडून कागद, दौत आणि वकील गाठला. पुराणांतले दाखले, शास्त्रीमंडळींची संमतिपत्रे आणि पूर्वजांच्या पराक्रमाच्या कैफियती जोडून वरची पायरी मागणारे अर्ज सुरू झाले. आणि १९११ च्या खानेसुमारीच्या वेळी एकट्या बंगालात आलेल्या अशा अर्जांचे वजन दीड मण भरल्याचे तिथल्या अधिकाऱ्याने नमूद करून ठेवले आहे. समाजाने समाजशास्त्रावर केलेले हे सर्वांत वजनदार परीक्षण म्हणावे लागेल. मोजणी करणाऱ्याची समजूत होती की आपण आहे ते मोजतो आहोत. मोजले जाणाऱ्यांनी ओळखले की मोजणी म्हणजे वाटणी आहे, आणि वाटणीच्या वेळी गप्प बसणारा मूर्ख.

म्हणून ज्यांनी हे काम नेटाने केले त्यांच्याविषयी आदर वाढतो. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्रिन्सिपॉल हॅरल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून १९१७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या दोनच वर्षे आधी त्र्यंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' निघाला होता, आणि कोणत्याही विद्यापीठाने न मागितलेला तो प्रबंध पाटील-कुलकर्ण्यांपासून बलुत्या-अलुत्यांपर्यंत कोणाचे कोणाशी काय देणे-घेणे याचा असा तपशील देतो की, पुढच्या पिढ्यांतल्या कित्येकांच्या पदव्या त्यावर निघाल्या. मॅन यांची मिरास आकड्यांची. १७७१ मध्ये ज्या गावात सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते तिथे १९१५ मध्ये ते ७ एकरांवर आले, जमिनीचे तुकडे झाले आणि बहुतेक घरे कर्जात आहेत, हे त्यांनी दाखवले. आज पिंपळे सौदागरात गगनचुंबी इमारतींच्या रांगा उभ्या आहेत, आणि कोणा विद्यार्थ्याने मॅन यांची प्रश्नावली घेऊन तिथली लिफ्ट पकडली तर त्याला दिसेल की, जमिनीच्या तुकडेकरणाची प्रक्रिया अखंड चालू राहून एकरांची गणना आता चौरस फुटांवर आली आहे, आणि कर्जाची स्थिती जैसे थे असून फक्त सावकाराच्या दाराऐवजी हप्ता परभारे खात्यातून वळता होतो. अडचण एकच : १९१५ मध्ये मॅन साहेबांना वाड्यात शिरण्यासाठी सुरक्षारक्षकाच्या वहीत नाव, मोबाईल क्रमांक आणि 'कोणाकडे' हा रकाना भरावा लागत नव्हता. आता प्रश्नावली फाटकावरच विद्यार्थ्याची होते.

पाहणीहून परतलेला विद्यार्थी ग्रंथालयाचा आश्रय घेतो. तिथे दुर्खिम, वेबर आणि मार्क्स हे त्रिदेव भेटतात, आणि त्यांच्या कृपेने सासू-सुनांच्या साध्या भांडणाला 'द्विपिढीय गृहसत्तेतील संसाधनसंघर्ष' म्हणण्याचे सामर्थ्य प्राप्त होते. टिपणे साचत जातात. टिपणांच्या वह्या, वह्यांच्या पिशव्या आणि पिशव्यांचा कॉटखाली ढीग होतो, आणि लिहायला केव्हा बसायचे हा प्रश्न प्रत्येक नव्या टिपणाबरोबर एकेक महिना पुढे सरकतो. अशा विद्यार्थ्यांनी घुर्ये यांचे शिष्य म्हैसूर नरसिंहाचार श्रीनिवास यांची हकीकत मनन करण्याजोगी आहे. १९४८ मध्ये त्यांनी म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहून पाहणी केली, तिच्यावर वर्षानुवर्षे संस्कार करून टिपणे तयार केली, आणि १९७० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे ग्रंथ लिहायला बसले असता कोणी तरी त्या इमारतीला आग लावली व टिपणांच्या तिन्ही प्रती जळून गेल्या. मग त्यांनी केवळ स्मरणाच्या आधारे लिहिले. १९७६ मध्ये ते पुस्तक निघाले, त्याच्या नावातच आठवणीतले खेडे आहे, आणि त्यांच्या ग्रंथांत ते सर्वांत जिवंत मानले जाते. ही कथा सांगितल्यावर वर्गात नेहमी एक विचारमग्न शांतता पसरते, आणि एखाद्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांत, आपल्या कॉटखालच्या पिशव्यांच्या स्मरणाने, आशेचा किरण चमकतो. त्याला एवढेच सांगावे लागते की, जळण्यापूर्वी ती टिपणे श्रीनिवासांनी स्वतः काढली होती. झेरॉक्सच्या दुकानातून आणली नव्हती.

प्रबंधाविषयी फार लिहिण्यात अर्थ नाही, कारण एक वाचला की सर्व वाचल्यासारखे आहे. 'अमुक तालुक्यातील तमुक घटकांच्या सामाजिक व आर्थिक स्थितीचा चिकित्सक अभ्यास, विशेष संदर्भ : ढमुक गाव' असे नाव, पहिल्या प्रकरणात मनूपासून आरंभ, सातव्यात निष्कर्ष, आणि शिफारशींत 'शासनाने याकडे लक्ष द्यावे' हे वाक्य, की ते लिहिले नाही तर बांधणीवाला काळे पुठ्ठे घालीत नाही. बहिःस्थ परीक्षक मौखिक परीक्षेत 'नमुना तोकडा वाटतो' असे म्हणतात, मार्गदर्शक 'पुढील संशोधनात वाढवू' असे म्हणतात, आणि परीक्षकांची गाडी साडेचारची असल्यामुळे त्यांच्या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याला द्यावे लागत नाही. तरीही या रुळलेल्या वाटेवरून चालताना कोणी प्रामाणिकपणे मोजले, तर काय घडू शकते याचे एक उदाहरण आपल्याच घरात आहे. इरावती कर्वे घुर्ये यांच्याकडे एम. ए. करून बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर या वंशवादी मार्गदर्शकाच्या हाताखाली मानवी कवट्या मोजू लागल्या. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशावर अवलंबून असावा, अशी त्या गुरूची अटकळ होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि वंशाचा या फरकाशी संबंध दिसत नाही असे लिहून दिले. गुरूला हवा तो निष्कर्ष काढण्यासाठी कवटी घासून घेण्याची कला आपल्या विद्यापीठांत आज किती प्रगत झाली आहे हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या लहानशा आज्ञाभंगाची उंची कळेल.

प्रश्न विचारणारा प्रश्नावलीच्या बाहेर उभा असतो, ही समजूत मात्र सर्वांनाच परवडणारी नसते. ९ मे १९१६ रोजी न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी हिंदुस्थानातील जातींवर निबंध वाचला, आणि जातीतल्या जातीत विवाह हेच जातिसंस्थेचे मर्म आहे असे प्रतिपादन केले. पुढल्याच वर्षी, शिष्यवृत्तीच्या करारानुसार नोकरीस रुजू होण्यासाठी, ते बडोद्याला उतरले. तिथे त्यांना कोणी मार्क्सविषयी विचारले नाही, अमेरिकेविषयी विचारले नाही. एकच प्रश्न विचारण्यात आला, आणि त्याचे उत्तर कळताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना पारशी विश्रांतिगृहातून बाहेर काढले. साऱ्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. अभ्यासक तोच होता, विषयही तोच होता. प्रश्न विचारण्याची पाळी फक्त बदलली होती.

मला या शास्त्राचे जे काही मोल वाटते ते इथे आहे. समाज काय आहे हे ते नेमके सांगू शकते असे नाही, आणि त्याचे भाकीत तर पंचांगापेक्षा फारसे वरचढ ठरत नाही. पण समाजाच्या तक्त्यात आपला स्वतःचा रकाना कोणता, हे ते दाखवू शकते. ज्यांना हा रकाना समाजाने पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर आणि भाड्याच्या खोलीच्या दारात रोज दाखवला, त्यांना तो पाहण्यासाठी विद्यापीठात जाण्याचे कारण नव्हते. ते तिथे गेले ते त्या तक्त्याची आखणी कोणी केली हे शोधायला. आम्हां बाकीच्यांना मात्र, आपण रकान्यात बसलेलोच नाही, आपण नुसती 'माणसे' आहोत आणि जात, वर्ग, धर्म वगैरे इतरांना असतात, या जन्मजात भ्रमातून बाहेर पडण्यासाठी दोन वर्षे फी भरावी लागते. ती वसूल होतेच असे नाही. पुष्कळ जण चार सत्रे, सोळा पेपर आणि एक प्रबंध पार करून त्याच भ्रमात सुखरूप बाहेर येतात, आणि पुढे प्रश्नावल्या तयार करतात.

तेव्हा या लेखालाही प्रथेप्रमाणे एक शिफारस जोडणे भाग आहे, आणि ती शासनाने लक्ष द्यावे अशी नाही, कारण शासनाचे सर्वच गोष्टींकडे लक्ष असते हे आपण जाणतो. ती विद्यापीठांना आहे. सामाजिक शास्त्रांच्या एम. ए.ला प्रवेश मागणाऱ्या प्रत्येक उमेदवाराने ज्या प्रश्नावलीने तो पुढे खेडी आणि झोपडपट्ट्या धुंडाळणार आहे ती आधी स्वतःच्या घरी, जेवणाच्या वेळी, सर्व मंडळी हजर असताना मोठ्याने वाचावी आणि भरून आणावी. जमीन किती आणि तिच्यावर बहिणींची नावे आहेत का, लग्नात काय दिले आणि काय घेतले, धुण्याभांड्याच्या मावशींना कप वेगळा असतो काय, भाडेकरू ठेवताना आडनाव का विचारले, आणि घरातले आर्थिक निर्णय कोण घेते, या रकान्यांत 'लागू नाही' असे लिहिण्यास सक्त मनाई असावी, व खाली मातोश्रींची सही, अंगठा चालणार नाही, आवश्यक समजावी. एवढे करून, घरात पुन्हा जेवायला मिळत असेल तर, जो उमेदवार अर्ज घेऊन परत येईल त्याला विनाअट प्रवेश द्यावा. याने प्रवेशसंख्या बरीच घटेल हे उघड आहे. परंतु प्राध्यापकांची भरतीही वर्षानुवर्षे रखडलेली असल्यामुळे, शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाचा तक्ता समितीपुढे ठेवताना तो प्रथमच, कोणतीही आकडेमोड न करता, जुळलेला दिसेल.